नाही म्हणणारी घरं

४ फेब्रुवारी, गुरुवार

छापला एकदाचा फोटो! गावपत्रिकेचं सातवं पान. आल्दा फिगेरा, जन्म पोर्तुगाल, वृद्धाश्रमात स्वयंपाकीण, गावात बावीस वर्षं. फोटो असा काढलाय की पोलीस शोधत असावेत! खाली एक ओळ — नागरिकत्वासाठी अर्ज, मतदान रविवार १३ मार्च.

म्हणजे आता गाव ठरवणार. ज्यांच्याकडे या गावाचं पिढीजात नागरिकत्व आहे ते सगळे चिठ्ठीवर 'होय' किंवा 'नाही'वर खूण करणार. चिठ्ठीवर नाव नाही. कारण द्यायचं नाही. शेजारणीला शेजारणीनं नको म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी तिच्याच हातचं सूप प्यायचं. लिखटेनश्टाइनमध्ये याला लोकशाही म्हणतात.

दुपारी आश्रमात जेवायला गेले. मनगट मोडल्यापासून मंगळवार-गुरुवार तिथंच जेवते. टेबलावर सगळे एकदम गोड. "अरे वा आल्दा, पत्रिकेत झळकलीस!" "आमचं मत तुलाच गं!" वाढणाऱ्या बाईला तोंडावर नाही कोण म्हणेल? मी एकेकाचे डोळे बघत होते. गेबहार्ड सुतार म्हणाला, "माझं होयच." पण म्हणाला कुणाकडे बघून? सूपकडे!

१९८९ मध्ये तो झेक घड्याळजी होता, त्याचाही असाच अर्ज. सगळं गाव त्याच्याशी हात मिळवून आलं. पेटी उघडली तर होय एकसष्ट, नाही एकशे चाळीस. दुसऱ्या दिवशी त्यानं दुकान उघडलं आणि त्याच हातांवरची घड्याळं दुरुस्त केली. नऊ वर्षं. मग एके दिवशी तो निघून गेला. गाव सोडल्याची नोंद मीच केली. 'कारण' या रकान्यात काही लिहिलं नाही त्यानं. मीही विचारलं नाही.

या वेळी विचारणार. आधीच विचारणार!

६ फेब्रुवारी, शनिवार

मतदारांची यादी केली — सगळी डोक्यातून. चौतीस वर्षं गावच्या रहिवाशांची नोंदवही सांभाळली ती उगाच नाही. जन्मले, मेले, आले, गेले, सगळे माझ्या हातच्या अक्षरात.

गावात सहाशे चाळीस माणसं. मत देणारे तीनशेच्या आत. उरलेल्यांत मुलं वगळली तर ऑस्ट्रियन, स्विस, इटालियन, तुर्क, पोर्तुगीज. कर भरतात, बर्फ उपसतात, आमच्या म्हाताऱ्यांना आंघोळी घालतात. देशभर हेच. सदतीस हजारांचा देश, त्यातला दर तिसरा माणूस परका. सकाळी ऱ्हाईनच्या पुलावर बघावं — नोकरीला येणाऱ्या मोटारींची ही रांग! संध्याकाळी तीच रांग उलटी. आणि चर्चबाहेर आमचे लोक उसासे टाकतात, "आपण कमी होत चाललो हो!" होणारच. दार आतून लावून घरात माणसं वाढतील कशी?

नावापुढे खुणा केल्या. होय, नाही, आणि प्रश्नचिन्ह. संध्याकाळपर्यंत पानभर प्रश्नचिन्हंच झाली.

कॉन्व्हेंटात सिस्टर बोनिफात्सिया म्हणायच्या, "ओटिलिया, तुझी जीभ तुझ्याआधी वर्गात पोचते." कुणाची तरी पोचायला हवी की नको?

१४ फेब्रुवारी, रविवार

उपवासाच्या काळातला पहिला रविवार — टेकडीवरची होळी. लाकडांचा मनोरा दरवर्षीसारखाच वाकडा, वर चिंध्यांची चेटकीण. आल्दानं तळलेल्या गोड पुऱ्या आणल्या होत्या, टोपलीभर. पाच मिनिटांत फस्त. खाताना कुणाला परकी वाटली नाही!

मग गेबहार्ड मोठ्यानं म्हणाला, "लाकूड गावचं, चेटकीण गावची! आल्दा, नागरिक झालीस की जंगलातल्या लाकडाचा वाटा मागशील काय?"

हसले सगळे. आल्दाही हसली. तिचं हे हसणं मला मुळीच आवडत नाही.

मी म्हटलं, "नव्या नागरिकाला लाकडाचा वाटा मिळत नाही या गावात. तुला चांगलं ठाऊक आहे."

"अगं ओटिली, गंमत केली."

"तुमची गंमत पेटीत जाऊन पडते, गेबहार्ड."

"चारशे वर्षं आहे आमचं घर इथं. आम्ही गंमतही करायची नाही होय?"

चारशे वर्षं! नाकानं कांदे सोलतोय मेला.

यादीत त्याच्या नावापुढचं प्रश्नचिन्ह खोडलं. 'नाही' लिहिलं. लाल शाईनं.

१८ फेब्रुवारी, गुरुवार

आज सांगून टाकलं! आनेलीसच्या दुकानात, पावाच्या रांगेत, आठ माणसांसमोर. गेबहार्डनं पुन्हा ते 'आमची चारशे वर्षं' सुरू केलं. मी म्हटलं, "तुझी आजी १९११ मध्ये तिरोलहून आली, तेव्हाच्या गावप्रमुखाच्या घरी भांडी घासायला. लग्न फेब्रुवारीत, तुझा बाप जूनमध्ये. चारशे वर्षं कुठून मोजतोस?"

आनेलीसची चीज कापायची सुरी हवेतच थांबली.

"हे तू कुठून काढलंस?" गेबहार्डनं विचारलं.

"तुमच्याच नोंदीतून. माझ्या टेबलाच्या डाव्या कपाटात होती ती वही."

पाव न घेताच गेला. लागू दे. ज्याची आजी परकी, त्यानं परक्या बाईला नाही म्हणताना निदान दोनदा विचार करावा. यात काय चुकलं?

१९ फेब्रुवारी

काय छान झोप लागली काल! खरं बोलल्यावर लागते तशी.

२३ फेब्रुवारी, मंगळवार

आणखी चार घरांना आरसा दाखवून झाला. ऑर्गन वाजवणाऱ्याची बायको — अर्धं माहेर सीमेपलीकडचं. दूधवाल्यांचं घर — पणजोबा लोंबार्दीचा गवंडी, नाव बदलून इथला झाला. डाकघरापाशी दोघी बहिणी भेटल्या, त्यांच्या आईचं काय ते सांगितलं. रंगाऱ्यालाही सोडलं नाही. घरोघरी मातीच्याच चुली! नोंदवहीत चारशे वर्षांचं शुद्ध असं एक घर सापडलं तर मी नाव बदलीन.

गावप्रमुख फेलिक्सनं रस्त्यात गाठलं. "ओटिलियाबाई, नोकरीला लागताना शपथ घेतली होती ना तुम्ही? नोंदीतलं बाहेर बोलणार नाही म्हणून?"

"फेलिक्स, तुझ्या जन्माच्या नोंदीवरची शाई मी फुंकर घालून वाळवली आहे. मला शपथा शिकवू नकोस."

"मी आपलं सांगितलं," म्हणाला. कुणाच्या सांगण्यावरून सांगितलं, हे मात्र नाही सांगितलं! त्यालाही प्रश्नचिन्ह.

पण आजची खरी गोष्ट वेगळीच. जेवणानंतर आल्दा माझ्या टेबलापाशी आली. हात अजून ओले.

"बाई, एक मागू? माझ्यासाठी काही बोलू नका आता. कुणाशीच."

"का गं?"

"असंच. माझ्यासाठी एवढं करा."

असंच? अर्ज भरताना तीन रविवार माझ्या स्वयंपाकघरात बसली होती. पोर्तुगालचं नागरिकत्व सोडावं लागेल, हे वाचून रडली होती, तेव्हा रुमाल माझा होता. नवरा हिला टाकून गावी परत गेला, तेही मला पहिल्यांदा सांगितलं. आणि आता 'असंच'! काहीतरी लपवतेय.

२५ फेब्रुवारी, गुरुवार

साडेचार वाजता खिडकीतून पाहिलं. आल्दा गेबहार्डच्या घरातून बाहेर पडली! हातात झाकलेली थाळी. तो दारात उभा, आणि ती वळणापलीकडे जाईस्तोवर दार लावलं नाही त्यानं.

गेबहार्ड विधुर आहे. एकाहत्तर वर्षांचा. ती बावन्न.

छे! पण मग काय?

२८ फेब्रुवारी, रविवार

प्रार्थनेनंतर लुडविना कॉफीला आली. सत्तर वर्षांची मैत्री. कॉन्व्हेंटात एका बाकावर बसलो, एका दिवशी छड्या खाल्ल्या. तिला विचारायची गरजच नव्हती. पण यादीत सगळ्यांना विचारलं, मग तिलाच का सोडायचं?

"लुडविना, तुझं मत काय?"

"मत गुप्त असतं ओटिली."

"माझ्यापाशीसुद्धा?"

"तुझ्यापाशी तर आधी."

"म्हणजे मी 'नाही' समजू?"

"समज बाई काय समजायचं ते. हल्ली तुझ्यापुढे तोंड उघडायची भीती वाटते. आल्दा गुणी आहे, सगळ्यांना माहीत आहे. तू लोकांना तिच्या नावानं कशाला झोडपतेस?"

मी झोडपते! तिच्या तोंडून हे ऐकायचं! मी म्हटलं, "तुला झोंबलं कारण तुझंही तेच आहे. तुझ्या वडिलांच्या जन्माच्या नोंदीत बापाच्या रकान्यात काय आहे, बघितलंयस कधी? रेघ आहे! नुसती रेघ!"

लुडविनानं चमचा बशीत ठेवला. अगदी हळू. कोट घातला, बटणं एक घर चुकवून लावली. मी सांगितलं नाही. ती गेली.

खरं तेच बोलले. एकोणऐंशीव्या वर्षी आता मी गोड बोलायला शिकू?

कॉफी तिची अर्धी राहिली.

१ मार्च

लुडविनाचा फोन नाही. तिनं करायला हवा.

३ मार्च, गुरुवार

आल्दा आज ऑर्गनवाल्याच्या घरी! संत्र्याचा केक घेऊन. केक मी ओळखते, माझ्या वाढदिवसाला करते तोच. पाऊण तास आत होती. घड्याळ लावून बसले होते.

५ मार्च, शनिवार

आल्दा दूधवाल्यांकडे जाऊन आली. त्या दोघी बहिणींकडे आणि रंगाऱ्याकडेही गेली. आणि आज कुणाकडे जावी? लुडविनाकडे! माझ्याशी बोलत नाही ती, आणि हिला आत घेते, चहा देते!

आता कळलं. मतं मागत फिरतेय. केक वाटून. मला म्हणते बोलू नका, आणि आपण मागच्या दारानं हे! आणि जाते कुठे — नेमकी त्याच घरी, जिथं मी खरं सुनावून आले. माझ्याविरुद्ध कान भरते की काय? 'बाईंचं मनावर घेऊ नका, बाई वेडी आहे' असं?

बावीस वर्षांत माणूस कळला म्हणावं, तर नाही कळला.

८ मार्च, मंगळवार

मतपत्रिका टपालानं येऊन पडली होती. 'होय'वर खूण केली, पाकीट बंद केलं, कार्डावर सही केली, स्वतः जाऊन पंचायतीच्या पेटीत टाकलं. बोलल्याप्रमाणे वागणारी या गावात एक तरी आहे.

मग जेवायला. आज क्नोफ्ले होते, पिठाचे उकडलेले बारीक गोळे, चीजमध्ये घोळलेले, वर तळलेला कांदा. आल्दा वाढायला आली तेव्हा हात धरला तिचा.

"केक कशाला वाटत फिरतेस? लोक म्हणतील मतं विकत घेते."

"मतं मागायला नाही जात मी, बाई."

"मग कशाला?"

"काम असतं."

"गेबहार्डकडे काय काम?"

तिनं माझ्या ताटात सफरचंदाचा मुरंबा वाढला. मागितला नव्हता. "जेवा. चीज गार झालं की दोऱ्या होतात त्याच्या."

"आल्दा, इकडे बघ. तुला हे नागरिकत्व हवंय की नको?"

तेव्हा ती थांबली. अ‍ॅप्रनला हात पुसले. "बावीस वर्षं दर मतदानाच्या रविवारी मी इथं स्वयंपाक करते. तुम्ही सगळे मत देऊन येता, जेवता, आणि टेबलावर कडाकडा भांडता. शाळेवरून, रस्त्यावरून, त्या बोगद्यावरून. मी आत भांडी घासत ऐकते. मलाही एकदा मत देऊन येऊन भांडायचंय, बाई."

"मग होईल की!"

"बघू," म्हणाली.

बघू! पाच दिवसांवर मतदान आलं आणि म्हणे बघू. ज्याला खात्री असते तो असं म्हणत नाही. आणि ज्याला आशा असते, तोही असं म्हणत नाही.

१३ मार्च, रविवार

बारा वाजता पेटी बंद. एक वाजता पंचायतीच्या दारावर कागद लागला.

होय १२४. नाही १३३.

नऊ मतांनी!

लोक कागद वाचत होते आणि एकमेकांकडे बघून मान हलवत होते. "अरेरे." "कसं झालं हो हे?" "मी तर होयच दिलं." प्रत्येकानं होय दिलंय! मग एकशे तेहतीस चिठ्ठ्या काय टेकडीवरच्या चेटकिणीनं टाकल्या? ओठात एक, पोटात एक. थुंकावंसं वाटलं. कॉन्व्हेंटनं तेवढं शिकवलं नाही म्हणून वाचले.

तशीच आश्रमात गेले. आल्दा कढईपाशी. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "कळलं, बाई. बसा, सूप आणते."

चेहऱ्यावर काही नाही. आश्चर्य तर नाहीच. माझा कोट अजून अंगावरच आणि ती पळी शोधत होती. जसं काही आधीच माहीत होतं!

१४ मार्च, सोमवार

यादी पुन्हा काढली. लाल शाईवाले एकसष्ट धरले होते. उरलेले बहात्तर कोण? प्रश्नचिन्हांमधून निवडत बसले दिवसभर. दिवे लागेपर्यंत असं झालं की गावात एकाही नावावर विश्वास बसेना.

१७ मार्च, गुरुवार

केक! केकमुळेच हरली! लोकांना वाटलं लाच देते. मी सांगितलं होतं!

खात्री करायला गेबहार्डच्या दारात गेले. सरळ विचारलं, "तू 'नाही' दिलंस?"

"दिलं," म्हणाला.

तोंडावर! या गावच्या इतिहासात असं तोंडावर कबूल करणारा पहिला माणूस.

"का? तिच्या हातचं खाताना लाज नाही वाटत?"

"वाटते," म्हणाला. "तिच्यापुढे वाटते. तुझ्यापुढे नाही."

"म्हणजे काय?"

"तिला विचार." दार लावून घेतलं.

म्हणजे दोघांत काहीतरी आहेच. पैज? वचन? काय आहे?

१९ मार्च, शनिवार

संत योसेफची सुट्टी. चर्च भरलेलं. लुडविना तिसऱ्या रांगेत, मी चौथ्या. मान नाही वळवली तिनं. मीही नाही हाक मारली.

नंतर आल्दाला पायऱ्यांवर गाठलं. "गेबहार्ड म्हणतो तुला विचार. विचारते. काय आहे ते सांग."

"काही नाही, बाई. झालं ते झालं. तीस वर्षं पूर्ण झाली की मतदान लागत नाही, हक्कानंच मिळतं. आठच राहिली."

आठच! आठ वर्षांनी मी सत्याऐंशीची असेन, असले तर. ती साठीची. आणि म्हणते कशी, जणू आठवड्यांचा हिशेब!

मला राहवलं नाही. "आल्दा, मी काय कमी केलं तुझ्यासाठी? सांग ना! अर्ज भरला, दारोदार भांडले, सत्तर वर्षांची मैत्रीण गमावली तुझ्यापायी."

तिनं माझ्याकडे बघितलं.

"हो," म्हणाली. "केलंत, बाई."

मग माझा दंड धरून पायऱ्या उतरवल्या मला. बर्फ होतं खाली.

त्या 'हो'मध्ये काहीतरी होतं. अपराध्यासारखं. तिचंच काहीतरी चुकलंय आणि बोलत नाही. शोधून काढीनच.

२५ मार्च, गुड फ्रायडे

लुडविना आली. बसली नाही, कोट काढला नाही. दारातच म्हणाली, "आल्दानं तुला न सांगायचं वचन घेतलं होतं सगळ्यांकडून. मी मोडते आहे."

गेबहार्डनं फेब्रुवारीतच कागद केला होता. माझ्याविरुद्ध. नोंदींची गुपितं चव्हाट्यावर मांडली म्हणून न्यायालयात द्यायला. सहा घरांच्या सह्या. आल्दा त्या सहाही घरी गेली. "बाई म्हाताऱ्या आहेत, एकट्या आहेत. कागद फाडा." ते म्हणाले, फाडतो, पण मग आमच्याकडे मताची आशा धरू नकोस. ती म्हणाली, बरं.

"तुझी सही होती?"

"होती. सगळ्यांत शेवटची. मत मात्र मी होयच दिलं."

ती गेल्यावर मोजलं. सवयच ती. लुडविनाचं सोडलं तर त्या घरांत चौदा मतं. त्यातली पाच आल्दाकडे फिरली असती तरी पुरली असती.

उद्या सकाळी साडेसहाला ती चूल पेटवेल. तेव्हाच जायला हवं, बाकीचे यायच्या आत. माफी कशी मागतात, तेही तिलाच विचारावं लागणार.